बेडूक मोजणारे

भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली. त्याच वर्षी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, मॉन्टेव्हर्देच्या धुक्याच्या जंगलात, सोनेरी भेक नावाचा चिमुकला प्राणी दीड हजाराच्या संख्येने डबक्यांवर जमलेला पाहिला गेला. पुढच्या वर्षी त्याच मुख्य जागेवर एकच नर आला. १९८९ च्या मे महिन्यात पुन्हा एक दिसला, आणि त्यानंतर आजवर एकही नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी मी त्या मुद्दाम शेजारी ठेवतो, कारण एका ठिकाणी मोजणारे हजर होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते. सोनेरी भेक गेला हे जगाला कळले, कारण एक संशोधिका दरसाल त्याच डबक्यांशी वही घेऊन बसत होती. आपल्याकडे बंदीपूर्वी शेतातले बेडूक किती उरले होते आणि बंदीनंतर किती वाढले, याचा हिशेब मांडायला आकडे आहेत ते फक्त टनांचे. गोदीवरचे, तळ्याकाठचे नव्हेत.

बेडूक मोजायची विद्या आपल्याकडे कशी आली, कोणी शिकवली आणि ती घाटावरून खाली आमच्या सोलापूरच्या पठारावर का उतरली नाही, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवात फार मागे नेता येते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वे सूक्त मंडूकांचे आहे, वसिष्ठांच्या नावावर. वर्षभर गप्प पडून राहिलेले बेडूक पहिल्या पावसाबरोबर बोलू लागतात, आणि कवी त्यांची तुलना रात्रभर सोमयागात पठण करणाऱ्या ब्राह्मणांशी करतो. मॅक्सम्युलरला ही थट्टा वाटली, इतरांना पाऊस मागण्याचा मंत्र. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. त्या सूक्तात एका बेडकाचा आवाज गाईसारखा म्हटला आहे, दुसऱ्याचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा आहे, एक हिरवा. नाव एकच, पण रूपे अनेक आणि बोली वेगवेगळ्या, हे कवीला ठाऊक आहे. आजच्या प्रशिक्षणात पहिल्या रात्री हेच शिकवतात: आधी डोळे मिटा, किती प्रकारचे आवाज येतात ते बोटांवर मोजा, मग बॅटरी लावा.

आपल्या लोकांनाही ही ओळख होती. दुष्काळात धोंडी काढायची चाल आमच्या भागात होती. कडुनिंबाचा पाला अंगाला बांधलेला पोरगा, मुसळाला बांधलेला बेडूक, आणि दारोदार पाणी ओतणाऱ्या बाया. त्यात बेडकाचे हाल व्हायचे हे खरे, पण पाऊस आणि बेडूक यांची गाठ लोकांच्या मनात पक्की होती हेही खरे. मग म्हणींमध्ये त्याची जी अप्रतिष्ठा झाली, फुगून बैल होऊ पाहणारी बेडकी काय किंवा कूपमंडूक काय, ती कोणी केली असेल? मला वाटते, विहिरीवर पाणी भरणाऱ्यांनी नव्हे.

शास्त्रीय नोंदींची परंपरा इंग्रजी अमदानीतली. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तीन वर्षांनी तिचे नियतकालिक सुरू झाले, आणि १८९० साली बुलेंजर याचा सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा व उभयचरांवरचा जाडजूड खंड लंडनला छापला गेला. बुलेंजरने लिहिले ते संग्रहालयातल्या बरण्यांवरून. जिवंत बेडकाकडे पाहून लिहिणाऱ्यांत मला चार्ल्स मॅकॅन यांचे नाव आधी घ्यावेसे वाटते. ते सोसायटीत नोकरीला होते, झाडांवरही तितक्याच प्रेमाने लिहीत, आणि बेडकांवरची त्यांची टिपणे वाचताना माणूस चिखलात उभा आहे हे जाणवते.

दक्षिणेत बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात सी. आर. नारायण राव होते. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक, १९३२ पासूनचे. १९३७ साली त्यांनी दक्षिण भारतातले कितीतरी नवे बेडूक एका लेखात वर्णन केले. पुढे त्यांचा नमुन्यांचा संग्रह हरवला. म्हणजे नावे राहिली, वर्णने राहिली, आणि ज्या प्राण्यावरून नाव दिले तो प्राणीच कपाटात नाही. त्यानंतरच्या अभ्यासकांना राव यांचा अमुक बेडूक म्हणजे नेमका कोणता, हे ठरवायला अक्षरशः जंगले पुन्हा पालथी घालावी लागली. २०१० च्या नोव्हेंबरात दिल्ली विद्यापीठाच्या एस. डी. बिजू यांनी हरवलेल्या भारतीय उभयचरांचा शोध घ्यायची मोहीम जाहीर केली, तेव्हा काही महिन्यांतच सापडलेल्या पाच जातींत राव यांच्या १९३७ च्या लेखातला एक बेडूक होता, ७३ वर्षांनी. दुसरा एक तर १३६ वर्षांनी सापडला. माझ्या मते प्रशिक्षणाच्या दृष्टीने राव यांच्या संग्रहाची गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची आहे. नोंद करणे हे अर्धे काम. ती नोंद पुढच्या माणसाला तपासता येईल अशी जपून ठेवणे हे उरलेले अर्धे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९६३ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात जे. सी. डॅनियल यांची पश्चिम भारतातल्या उभयचरांची ओळखपुस्तिका क्रमाने यायला लागली. पुस्तिका म्हणजे मैदानात घेऊन जाण्याजोगी: बोटांमधले पडदे पाहा, बोटांची टोके पाहा, कानाचा पडदा दिसतो का पाहा, आणि एकेक पायरी उतरत नावापर्यंत या. त्याच वर्षी सोमण यांनी कोयनेच्या परिसरातून एका नव्या भेकाचे वर्णन केले. शिवाजीसागराचे पाणी चढत होते, खोऱ्यातली गावे उठत होती, आणि त्याच सुमारास त्या खोऱ्यातल्या एका चिमुकल्या रहिवाशाची कागदावर प्रथम नोंद होत होती. कोयना भेक या नावाने तो आज ओळखला जातो.

आता निर्यातीकडे येतो. तंगड्यांचा धंदा १९५० च्या दशकात जोर धरू लागला. फ्रान्स, अमेरिका हे गिऱ्हाईक, आणि केरळ व बंगाल हे मोठे पुरवठादार. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वर्षाला चार हजार टनांच्या वर माल जाऊ लागला. एका जोडीचे वजन पन्नास ग्रॅम धरा. चार हजार टन म्हणजे आठ कोटी बेडूक होतात. हे झाले परदेशी पोहोचलेले. वाटेत मेलेले, फेकलेले वेगळे. यात मुख्यतः मोठा पिवळट-हिरवा शेतबेडूक, ज्याला इंग्रज बुलफ्रॉग म्हणत. पावसाळ्याच्या पहिल्या रात्रींत याचे नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, आणि पकडणाऱ्यांचे काम त्याच रात्री साधते. डोळ्यांवर दिव्याचा झोत आला की बेडूक जागचा हलत नाही. म्हणजे धंद्याचा हंगाम आणि विणीचा हंगाम एकच.

या पकडणाऱ्या माणसांबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. आवाजावरून जागा हेरणे, अंधारात डोळ्यांची चमक ओळखणे, पाण्यात आवाज न करता पाऊल टाकणे, हे सगळे त्यांना येत होते. आजचे प्रशिक्षक पदवीधर मुलांना जे तीन दिवसांत शिकवू पाहतात ते या लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. फक्त त्यांच्या हाती वहीऐवजी पोते होते.

धंद्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत हुमायून अब्दुलअली यांचे नाव पहिले. ते पक्षितज्ज्ञ, १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायद्यामागेही त्यांचा हात होता. १९८५ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बेडकांच्या निर्यातीवर लांबलचक लेख लिहिला. मुद्दा शेतकऱ्याला समजेल असा होता: बेडूक शेतातले किडे खातो, बेडूक विकून मिळालेले परकीय चलन कीटकनाशके आणण्यात घालवायचे असेल तर हा कुठला व्यवहार? त्याच वर्षी या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये नियंत्रण आले, आणि दोन वर्षांनी देशाने निर्यातच बंद केली. धंदा मग बांगलादेश आणि इंडोनेशियाकडे सरकला. अब्दुलअलींच्या नावाचा एक बेडूकही आहे, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, ओढ्याकाठचा रातबेडूक, १९५५ साली नाव दिलेला. त्याच्याकडे पुढे येतो.

दुसरी खपाची जागा होती कॉलेजची प्रयोगशाळा. माझ्या पिढीतल्या कुठल्याही शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्याला विचारा. मेणाच्या तबकात टाचण्यांनी चारही पाय ताणलेला बेडूक त्याला आठवतो, क्लोरोफॉर्मचा वास आठवतो, आणि परीक्षेत आलेली रक्ताभिसरण संस्था आठवते. तो बेडूक कुठे राहतो, कधी ओरडतो, अंडी कुठे घालतो, हे मात्र आठवत नाही, कारण ते कोणी विचारलेच नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून हे विच्छेदन कमी करत आणले आणि २०१४ साली ते थांबवले. चांगले झाले. पण मेलेला बेडूक अभ्यासक्रमातून गेला तेव्हा त्याच्या जागी जिवंत बेडूक आला नाही, संगणकावरचा आला. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पावसाळ्यात एका रात्री तळ्यावर नेऊ या, असे मी एका महाविद्यालयात सुचवले होते. उत्तर मिळाले, रात्रीची जबाबदारी कोण घेणार, आणि त्याला गुण किती?

जगभर मोजणीची घाई सुरू झाली ती १९८९ नंतर. त्या वर्षी इंग्लंडमधल्या कँटरबरीला सरीसृप-उभयचर अभ्यासकांचे पहिले जागतिक अधिवेशन भरले. चहाच्या वेळेत जो तो सांगू लागला की माझ्या भागातले बेडूक दिसेनासे झाले आहेत. ऑस्ट्रेलियाचा माणूस तेच म्हणतो, अमेरिकेचा तेच. पण खरेच कमी झाले की चार वर्षे पाऊस नीट पडला नाही म्हणून कमी दिसले? उत्तर देण्याजोग्या जुन्या नोंदी फार थोड्यांकडे होत्या, आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या पद्धती जुळत नव्हत्या. त्यातून १९९४ साली स्मिथसोनियन संस्थेने उभयचर मोजण्याच्या प्रमाण पद्धतींचे पुस्तक काढले. आज प्रशिक्षण म्हणून जे काही दिले जाते त्याचा पाया तेच पुस्तक.

पद्धती ऐकायला साध्या आहेत. ठरलेल्या वाटेने ठरलेला वेळ चालायचे आणि दिसेल तो प्रत्येक बेडूक लिहायचा. किंवा जमिनीवर दोरीने चौकोन आखून त्यातला पालापाचोळा पान न् पान उलटायचा. किंवा एका जागी उभे राहून ओरडणारे नर मोजायचे. खरी गोष्ट पुढेच आहे. किती माणसे किती मिनिटे शोधत होती, पाऊस होऊन किती तास झाले होते, हवा किती गार होती, हे लिहिले नाही तर ‘बारा बेडूक’ या आकड्याला काडीचा अर्थ नाही. एका माणसाला एका तासात सापडलेले बारा आणि सहा माणसांना तीन तासांत सापडलेले बारा यांत अठरा पटींचा फरक आहे. आणि सर्वांत अवघड, नवख्याच्या गळी न उतरणारे: बेडूक एकही न मिळालेली रात्रसुद्धा लिहायची. शून्य ही नोंद आहे. मी स्वतः ज्या रात्रफेऱ्यांतून शिकलो त्यांत मुलांची वही शून्याच्या रात्रीच कोरी राहिलेली असे.

१९९८ च्या सुमारास दुसरे संकट समजले. काइट्रिड नावाची एक बुरशी बेडकाच्या कातडीत शिरते, आणि कातडीवाटेच पाणी व क्षार घेणारा हा प्राणी तडफडून मरतो. २०१९ च्या एका आढाव्यात पाचशेएक जातींची घट आणि नव्वद जातींचे उच्चाटन या बुरशीच्या नावे मांडले गेले. आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांतही ती असल्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले. सुदैवाने तिने इकडे अमेरिका-ऑस्ट्रेलियासारखी मरतूक घडवलेली दिसलेली नाही. या बुरशीने प्रशिक्षणात एक नवा धडा घातला. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाण्याआधी गमबूट घासून, ब्लीचच्या पाण्याने धुऊन वाळवायचे. हात लावायचाच असेल तर दर बेडकाला नवा हातमोजा. निसर्गप्रेमी म्हणून दहा डबकी फिरणारा माणूसच रोग वाहून नेऊ शकतो, हे ऐकल्यावर चेहरे पडतात.

भारतात या सगळ्याला संघटित रूप आले ते १९९७ साली भुवनेश्वरला, उत्कल विद्यापीठात भरलेल्या कार्यशाळेत. देशभरचे अभ्यासक एकत्र बसले आणि जातवार विचार झाला: कोण धोक्यात, कोणाची माहितीच नाही. कोइमतूरच्या झू आउटरीच संस्थेचे लोक, सॅली वॉकर आणि संजय मोलूर, यांचा यात मोठा वाटा. त्याच वर्षी सुशील दत्ता यांचा भारत-श्रीलंकेच्या उभयचरांवरचा ग्रंथ आला. महाराष्ट्रात पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातले हेमंत घाटे आणि गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये यांनी जिल्हावार याद्या करण्याचे, विद्यार्थी घडवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. २०१३ साली एका झुडपी बेडकाला घाटे सरांचे नाव मिळाले. शिक्षकाच्या नावाने बेडूक ओरडत राहावा, याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.

या शिकवणुकीला फळे आली ती बहुतेक घाटमाथ्यावर. आंबोलीच्या सड्यांवर, पहिल्या पावसात कातळातल्या वीतभर डबक्यांत अंडी घालणारा भेक २००९ साली वेगळी जात म्हणून नोंदला गेला, आणि कोयना भेकासह त्याचा स्वतंत्र गण झाला. त्याच आंबोलीतून २००३ साली डॅनियल यांच्या नावाचे देवगांडूळ वर्णिले गेले. देवगांडूळ म्हणजे बिनपायांचा उभयचर. लोक त्याला साप समजून ठेचतात किंवा गांडूळ समजून सोडून देतात. ते शोधायचे प्रशिक्षण म्हणजे बॅटरी बाजूला ठेवून कुदळ हाती घेणे आणि ओली माती हळूहळू खणणे. आणि अब्दुलअलींचा तो रातबेडूक: २०१६ साली बिजू, वरद गिरी आदींनी छापले की त्याच्या मीलनाची तऱ्हा जगात दुसरीकडे नोंदलेली नाही. नर मादीला धरत नाही, तिच्यावर ओणवा होऊन हात पानावर वा फांदीवर टेकवतो. आणि मादीही आवाज देते. हे कळायला कोयनेजवळच्या हुंबरळीच्या ओढ्याकाठी सुमारे चाळीस रात्री बसावे लागले.

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. सोलापूरला त्याचा दहावा हिस्सा, तोही लहरीने. त्यामुळे आमच्याकडे कोण येणार बेडूक बघायला, असा समज आहे. नवी पेठेत कापडाच्या दुकानांची शटरे खाली आल्यावर पहिल्या वळवात गटारीच्या कडेला भेक बोलतात, तेवढीच शहराची ओळख. पण शहराबाहेर, माळावर, आमच्याकडे वेगळीच मंडळी आहेत. मागच्या पायाच्या टाचेला कुदळीसारखा कठीण उंचवटा असलेला बिळकरी बेडूक मागे सरकत सरकत जमिनीत शिरतो आणि आठ-नऊ महिने तिथेच काढतो. पाऊस पडला की वर येतो, चार-दोन रात्रींत सगळा संसार उरकतो, आणि पिल्ले डबके आटायच्या आत पायांवर उभी राहिली तर जगतात. हा बेडूक पूर्वी सगळीकडे एकाच नावाने लिहिला जाई. २०१७ साली पाध्ये, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातला वेगळा आहे असे दाखवून त्याला ‘पश्चिमा’ असे नाव दिले. त्याआधीच्या नोंदींना फोटो, आवाज वा नमुना जोडलेला नसेल, तर त्या कोणत्या जातीच्या हे आता सांगता येणार नाही. नारायण रावांचे हरवलेले कपाट असे आमच्या माळावरही येऊन उभे राहते.

घाटासाठी घडवलेले प्रशिक्षण इथे जसेच्या तसे चालत नाही. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला जाता येते. इथे ठरवून गेलात तर दहापैकी नऊ वेळा शून्य मिळेल, आणि बेडूक बाहेर येतील त्या रात्री तुम्ही घरी झोपलेले असाल. इथे पंचांग चालत नाही, पर्जन्यमापक चालतो. ठरावीक पाऊस झाला की त्याच संध्याकाळी निघायचे, असा नेम बांधावा लागतो, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईचा पाहुणा उपयोगाचा नाही. तळ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर राहणारा माणूस हवा. शाळेचा शिक्षक, शेतमजूर, दूधवाला, कोणीही. त्याला सात-आठ आवाज ओळखता आले की पुरे. मोबाइलवर आवाज टिपता येतो, तारीख-वेळ आपोआप पडते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी हवी, आणि प्राणी पकडायचा तर कुठेही हवी. पण रस्त्यावर उभे राहून ऐकायला काही लागत नाही.

आणि ऐकण्याची गरज घाटापेक्षा इथे कमी नाही. १९८० साली उजनी पूर्ण झाले आणि ऊस आला. पाणी बारमाही झाले तिथे बारमाही पाण्याचे बेडूक वाढले असतील; पण हंगामी डबकी बुजली, माळ नांगरले गेले, तिथल्या बिळकऱ्यांचे काय? शेततळी झाली ती प्लॅस्टिकच्या अस्तराची, उभ्या कडांची. त्यात पडलेला बिनपडद्याच्या बोटांचा बेडूक वर चढू शकत नाही, हे मी अनेक तळ्यांत पाहिले आहे. काठावरून पाण्यात सोडलेला जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी त्यावर पुरते. दोन-तीन शेतकऱ्यांनी ती बांधलीही. रस्ते चौपदरी झाले, आणि पहिल्या पावसाच्या रात्री रस्ता ओलांडणारे चिरडले जातात. हेही मोजता येते: सकाळी सहाच्या आत, कावळे यायच्या आधी, एक ठरलेला किलोमीटर पायी चालून.

हिप्परग्याच्या एकरुख तलावाचा हिशेब इंग्रजांनी ठेवला. बांध किती लांब, पाणी किती, कालवे किती, ओलित किती, हे १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरात वाचायला मिळते. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याचे माप आज कोणीही ताडून पाहू शकतो. गेली काही वर्षे मी त्याच तलावाच्या काठावर एकाच जागी, मोठ्या पावसानंतरच्या पहिल्या दोन रात्री, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वीस मिनिटे उभा राहतो आणि आवाज लिहितो. वहीचे रकाने स्मिथसोनियनच्या पुस्तकावरून घेतले आहेत, मथळे मराठीत: तारीख, पाऊस, वारा, माणसे, मिनिटे, जात, ओरडणारे नर. बिळकऱ्याच्या रकान्यात शून्ये पुष्कळ आहेत. वहीची एक प्रत मी पुण्याला एका अभ्यासकाकडे दर दिवाळीला पाठवतो, आणि दुसरी प्रत कोरे रकाने आखून तलावाजवळच्या वस्तीवरच्या दोन मुलांना दिली आहे. त्यांतला धाकटा आवाजावरून सहा जाती ओळखतो. सातवीपाशी, बारीक तोंडाच्या दोन बेडकांत, अजून त्याची गल्लत होते.